तोंडात किडे पडणे : शाप नव्हे, माशीचे काम

जनावराच्या जखमेत किडे पडणे ही शेतकरी कुटुंबाला नवी गोष्ट नाही. बैलाच्या मोडलेल्या शिंगाच्या बुडाशी, नुकत्याच जन्मलेल्या वासराच्या नाळेत, खुरकतीने फाटलेल्या खुरात किंवा कुत्र्याच्या कानामागे वळवळणाऱ्या पांढऱ्या अळ्या आपण सर्वांनी पाहिलेल्या असतात. औषधाचा बोळा भरून त्या काढण्याचे कामही पुष्कळांनी केलेले असते. परंतु हीच अळी माणसाच्या तोंडातही पडू शकते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. ज्यांच्या घरी तसे घडते ते कोणाजवळ बोलत नाहीत. म्हणून या विषयाची शास्त्रीय माहिती शेतकरी बंधू-भगिनींपुढे ठेवणे आवश्यक वाटते.

असे चित्र डोळ्यांपुढे आणावे. अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेली म्हातारी ओसरीवर खाटेवर निजलेली आहे. घरची सर्व माणसे सोयाबीनच्या काढणीला गेली आहेत. तिचे तोंड अर्धवट उघडे असते, पुढचे दात किडलेले आहेत, हिरड्यांतून पू येतो. तोंडावर बसलेली माशी हाकलण्याइतके बळ हातात नाही. चार दिवसांनी तिचा वरचा ओठ सुजतो. तोंडाला असह्य घाण येऊ लागते. ती काही खात नाही आणि नुसती कण्हते. सून बॅटरीच्या उजेडात तोंड उघडून पाहते, तो वरच्या हिरडीत अळ्या वळवळताना दिसतात.

अशा अवस्थेतील रुग्णांच्या नोंदी आपल्या देशातील दंत महाविद्यालयांतून व रुग्णालयांतून अनेकदा झालेल्या आहेत. हा आजार क्वचित होणारा असला तरी उष्ण प्रदेशात, गुरांच्या सहवासात राहणाऱ्या गरीब व दुर्लक्षित माणसांत तो आढळतो. वेळीच ओळखला तर तो पूर्ण बरा होतो. लपवून ठेवला तर मात्र अळ्या टाळू, नाक व डोळ्यापर्यंत पोहोचू शकतात.

लाज सोडणे हा पहिला उपचार

"तुझ्या तोंडात किडे पडतील" हा आपल्याकडचा जुना शाप आहे. त्यामुळे एखाद्याच्या तोंडात खरोखरच किडे निघाले की घरच्यांना ते पापाचे फळ वाटते, किंवा लोक तसे म्हणतील अशी भीती वाटते. मग दार लावून घरगुती उपाय सुरू होतात. यात दोन-तीन दिवस जातात. अळीची पूर्ण वाढ अवघ्या सहा-सात दिवसांत होते, हे लक्षात घेतले तर हे दोन-तीन दिवस किती मोलाचे आहेत हे कळेल. या काळात ती जिवंत मांस खात आत शिरत असते.

बैलाच्या जखमेत किडे पडले म्हणून आपण बैलाला पापी म्हणत नाही. जखम उघडी राहिली, माशी बसली, अंडी घातली, इतकाच अर्थ घेतो. माणसाच्या बाबतीतही कारण तेच आहे.

माशीची ओळख व जीवनक्रम

जिवंत प्राण्याच्या शरीरात माशीच्या अळ्या वाढणे या विकाराला वैद्यकशास्त्रात 'मायॅसिस' म्हणतात. हा शब्द होप या शास्त्रज्ञाने १८४० साली वापरात आणला. भारतात याला मुख्यत्वे क्रायसोमिया बेझियाना ही माशी कारणीभूत ठरते. आफ्रिका, भारतीय उपखंड, आग्नेय आशिया व पापुआ न्यू गिनी या भागांत तिचा प्रादुर्भाव आहे. ही माशी घरमाशीपेक्षा मोठी, सुमारे एक सेंटिमीटर लांबीची व निळसर-हिरव्या रंगाची असून उन्हात चकाकते. ती दिवसा वावरते.

या माशीचे एक वैशिष्ट्य शेतकऱ्यांनी नीट समजून घ्यावे. घरमाशी शेणात व उकिरड्यात वाढते. काही माश्या मेलेल्या जनावराच्या मांसावर वाढतात. क्रायसोमिया बेझियाना ही मात्र केवळ जिवंत, उष्ण रक्ताच्या प्राण्याच्या जखमेतच वाढते. शेणात किंवा कचऱ्यात तिची अळी जगत नाही. म्हणजेच गावात ही माशी आहे याचा अर्थ गावात कुठेतरी एखाद्या गाईच्या, बैलाच्या, शेळीच्या किंवा मोकाट कुत्र्याच्या अंगावर दुर्लक्षित जखम आहे.

तिचा जीवनक्रम पुढीलप्रमाणे असतो.

१) अंडी : मादी जखमेच्या कडेवर एका वेळी साधारणतः १५० ते २०० पांढरी अंडी पुंजक्याने चिकटवते. गोचीड चावल्याची लहानशी खूणही तिला पुरेशी होते.

२) अळी : उष्ण हवेत बारा ते चोवीस तासांत अंड्यांतून अळ्या बाहेर पडतात. त्या डोके खाली करून मांसात शिरतात. श्वास घेण्याची छिद्रे शेपटाकडच्या टोकाला असल्यामुळे तेवढा भाग वर ठेवतात. अंगावर काट्यांची वलये असल्याने त्या स्क्रूसारख्या घट्ट रुततात व ओढल्या तरी सहज निघत नाहीत. पूर्ण वाढलेली अळी सुमारे दीड सेंटिमीटर लांब असते. जखमेतून येणाऱ्या वासाने आणखी माद्या येऊन अंडी घालतात, त्यामुळे जखम वाढतच जाते.

३) कोष : सहा-सात दिवसांनी अळ्या जमिनीवर पडतात, मातीत शिरतात व कोषावस्थेत जातात. उष्ण हवेत आठवडाभरात कोषातून माशी बाहेर येते.

४) माशी : आणखी साधारण आठवड्याने ही मादी अंडी घालण्यास तयार होते. म्हणजे सुमारे तीन आठवड्यांत एक पिढी पूर्ण होते.

थोडा हिशेब करून पाहावा. एका जखमेतील १५० अंड्यांपैकी निम्म्या माद्या धरल्या तर ७५ माद्या होतात. त्या सर्व जगल्या व प्रत्येकीने एकदाच १५० अंडी घातली, तरी पुढच्या पिढीत ११ हजारांवर अळ्या होतील. निसर्गात सगळ्या जगत नाहीत हे खरे. तरीही एका जखमेकडे केलेले दुर्लक्ष संपूर्ण गावाला किती महागात पडू शकते याची यावरून कल्पना येईल.

याखेरीज मांसमाशीसारख्या काही माश्या कुजलेल्या जखमांकडे आकर्षित होतात. मांसमाशी तर अंड्यांऐवजी थेट जिवंत अळ्याच सोडते. मेंढ्यांच्या नाकात अळ्या सोडणारी माशी कधी कधी मेंढपाळाच्या डोळ्यातही अळ्या सोडते.

तोंडातच का?

निरोगी माणसाच्या तोंडात माशीला वाव नसतो. ओठ मिटलेले असतात, जीभ सतत हलत असते, लाळ तोंड धूत असते आणि माशी जवळ आली की हात आपोआप उठतो. यांपैकी एकेक संरक्षण ढासळत गेले की धोका वाढतो.

पहिले कारण म्हणजे तोंडाची अस्वच्छता. दात घासले नाहीत तर दातांवर जंतूंचा चिकट थर बसतो. तो घट्ट होऊन त्याचे किटण बनते. हिरड्या सुजतात, दातांपासून सुटतात व त्यांच्यामध्ये खाचा पडतात. या खाचांत अडकलेले अन्न व मृत पेशी जंतू कुजवतात आणि त्यातून गंधकयुक्त वायू निघतात. तोंडाला येणारी घाण ती हीच. कुजण्याच्या अशा वासाने माश्या ओढल्या जातात. हिरडीतील खाच ओलसर, उबदार व अंधारी असल्यामुळे अळीला ती सोयीची जागा ठरते. वरच्या पुढील दातांच्या हिरडीत अळ्या जास्त आढळतात, कारण तोंड उघडे राहिले की तीच जागा माशीला प्रथम मिळते.

दुसरे कारण म्हणजे तोंड उघडे राहणे. नाक चोंदलेले असणे, दात पुढे असल्याने ओठ न मिटणे, तोंडाने श्वास घेण्याची सवय, बेशुद्धी किंवा दारूच्या नशेत उघड्यावर पडून राहणे यांमुळे असे होते.

तिसरे कारण म्हणजे असहायता. अर्धांगवायू झालेली माणसे, जन्मतः मेंदूचा विकार असलेली मुले, मनोरुग्ण व अतिवृद्ध यांना स्वतःचे तोंड धुता येत नाही, माशी हाकलता येत नाही व त्रास सांगताही येत नाही.

चौथे कारण म्हणजे तोंडातील उघडी जखम. दात काढल्यानंतरची न भरलेली जखम, अपघाताची जखम व विशेषतः तोंडाच्या कर्करोगाचा चिघळलेला व्रण यांत अळ्या पडू शकतात. तंबाखू व गुटख्यामुळे आपल्याकडे तोंडाच्या कर्करोगाचे प्रमाण मोठे आहे. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, परंतु व्यसन सुटल्याशिवाय बंदीचा पूर्ण लाभ मिळणार नाही. मधुमेहामुळेही हिरड्यांचे विकार बळावतात व जखमा लवकर भरत नाहीत.

दाताची कीड व तोंडातील अळी यांत गल्लत नको

दात किडला की 'दाताला कीड लागली' असे आपण म्हणतो. प्रत्यक्षात किडलेल्या दातात कोणताही किडा नसतो. तोंडातील जंतू साखर व पिष्ट पदार्थांपासून आम्ल तयार करतात, ते आम्ल दाताचे कवच झिजवते व दातात खड्डा पडतो. दातातील किड्याची समजूत जगभर हजारो वर्षे होती. फ्रान्समधील दंतवैद्य पिएर फोशार यांनी १७२८ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात ती नाकारली.

तरीही काही ठिकाणी रिंगणीच्या बियांची धुरी देऊन 'दातातले किडे काढून' दाखवले जातात. बी तापून फुटल्यावर बाहेर पडणारा पांढरा अंकुर हा किड्यासारखा दिसतो. लोक त्याला फसतात, पैसे देतात, आणि दात मात्र किडतच राहतो.

अस्वच्छ तोंडात डोळ्यांना न दिसणारे एकपेशीय परजीवीही राहतात. एंटामिबा जिंजिव्हॅलिस हा अमिबा व ट्रायकोमोनास टेनॅक्स हा दुसरा जीव हे त्यांपैकी होत. हिरड्यांचा आजार असलेल्या तोंडात ते अधिक आढळतात. लाळेतून, उष्ट्या भांड्यांतून ते एकाकडून दुसऱ्याकडे जातात. तोंड स्वच्छ ठेवले, दंतवैद्याकडून किटण काढून घेतले व हिरड्यांचा उपचार केला की त्यांचा वावर कमी होतो. सूक्ष्मदर्शकाशिवाय ते दिसत नाहीत, त्यामुळे डोळ्यांना दिसणारी वळवळ ही माशीच्या अळीचीच समजावी.

लक्षणे

१) ओठ, हिरडी, टाळू किंवा गाल एकाएकी सुजणे व दुखणे.

२) तोंडाला नेहमीपेक्षा वेगळी, कुजकी घाण येणे.

३) हिरडीतून किंवा नाकातून रक्तमिश्रित स्राव येणे.

४) आत काहीतरी वळवळते, टोचते अशी तक्रार. बोलता न येणारा रुग्ण बेचैन होतो, तोंडाकडे हात नेतो, खाणे-पिणे टाळतो.

५) ताप येणे, झोप न लागणे.

६) हिरडीत किंवा टाळूवर लहान छिद्रे दिसणे व त्यांतून पांढऱ्या टोकांची हालचाल होणे.

अळ्या आत शिरलेल्या असल्यामुळे वरून एखाद-दुसरीच दिसते. म्हणून 'एकच होती, काढून टाकली' असे समजून गप्प बसू नये.

घरी काय करावे व काय करू नये

इथेच सर्वांत मोठी चूक होण्याचा संभव असतो. जनावरांवर वापरलेली औषधे घरात असतात, हातही त्या कामाला सरावलेला असतो. म्हणून तेच औषध माणसाच्या तोंडात घालण्याचा मोह होतो. तो कटाक्षाने टाळावा.

फिनाईल, रॉकेल, पेट्रोल, डांबरगोळीची पूड, गोचीडनाशक किंवा पिकावर फवारण्याचे कोणतेही कीटकनाशक माणसाच्या तोंडात कधीही घालू नये. तोंडातील त्वचा पातळ असते व औषध चटकन रक्तात उतरते. गिळण्याची ताकद नसलेल्या रुग्णाच्या फुप्फुसात रॉकेल किंवा टर्पेंटाइनचे काही थेंब गेले तरी फुप्फुसाला गंभीर सूज येऊ शकते. अळीने माणूस क्वचितच दगावतो. कीटकनाशक पोटात गेले तर तो काही तासांत दगावू शकतो.

सीताफळाचा पाला वा बियांची पूडही वापरू नये. ही पूड डोळ्यात गेल्यास डोळ्याला गंभीर इजा होते. पशुवैद्यकाने जनावरासाठी दिलेले आयव्हरमेक्टिनचे इंजेक्शन माणसाला देऊ नये. चिमट्याने जबरदस्तीने अळ्या ओढू नयेत. अळी तुटून तिचा तुकडा आत राहिला तर जखम चिघळते.

मग करावे काय? रुग्णाला कुशीवर झोपवावे, म्हणजे स्राव घशात जाणार नाही. तोंड व नाकावर स्वच्छ, पातळ, ओलसर कापड सैलसर धरावे, म्हणजे नव्याने माशी बसणार नाही. शुद्धीवर असून व्यवस्थित गिळता येत असलेल्या रुग्णाला मीठ घातलेल्या कोमट पाण्याने चूळ भरू द्यावी. बेशुद्ध किंवा गिळता न येणाऱ्या रुग्णाच्या तोंडात पाणी ओतू नये. त्याच दिवशी ग्रामीण रुग्णालयात किंवा दंतवैद्याकडे न्यावे. वाहनाची सोय नसल्यास १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी. मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय दंत महाविद्यालये आहेत. डोळा सुजला असेल किंवा नाकातून अळी पडली असेल तर विलंब न करता मोठ्या रुग्णालयात न्यावे.

डॉक्टर काय उपचार करतात

डॉक्टर प्रथम जखमेवर टर्पेंटाइनचा बोळा काही मिनिटे धरतात. त्यामुळे अळीच्या श्वसनाची वाट अडते व ती वर येते. हे करताना औषध घशात उतरू नये याची काळजी घेतली जाते, म्हणूनच हे काम घरी करावयाचे नसते. नंतर जागा बधिर करून अळ्या एकेक करून चिमट्याने काढतात, जखम धुतात व मृत मांस साफ करतात. सर्व अळ्या एका बैठकीत निघतीलच असे नाही. दोन-तीन दिवस पुन्हा तपासावे लागते. जोडीला प्रतिजैविके व धनुर्वाताचे इंजेक्शन दिले जाते. जरूर असल्यास वजनाच्या प्रमाणात आयव्हरमेक्टिनच्या गोळ्या देतात.

या औषधाचा इतिहास शेतकऱ्यांना जवळचा वाटेल. जपानमधील मातीच्या एका नमुन्यात सापडलेल्या जिवाणूपासून ते तयार झाले. १९८१ साली ते प्रथम जनावरांसाठी बाजारात आले व नंतर माणसांसाठी उपयोगात आले. हा शोध लावणारे सातोशी ओमुरा व विल्यम कॅम्पबेल यांना २०१५ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

अळ्या निघाल्या म्हणजे काम संपले असे नाही. किडलेले दात व हिरड्यांचा विकार तसाच ठेवला तर पुन्हा हीच वेळ येऊ शकते. जखम भरत नसेल तर कर्करोगाची तपासणीही करून घ्यावी.

प्रतिबंध : घरात

१) दिवसातून दोन वेळा, सकाळी व रात्री जेवणानंतर दात घासावेत. मऊ ब्रश व फ्लोराइडयुक्त टूथपेस्ट उत्तम. कडुनिंबाची किंवा बाभळीची ताजी काडी चावून मऊ करून वापरता येते, परंतु हिरडी सोलली जाणार नाही याची काळजी घ्यावी. राख, कोळसा, विटेची भुकटी यांनी दात झिजतात.

२) मिसरी सोडावी. भाजलेल्या तंबाखूची ही पूड दात स्वच्छ करते हा गैरसमज आहे. ती हिरड्यांना अपाय करते, व्यसन लावते आणि कर्करोगाला निमंत्रण देते. घरातील वडीलधाऱ्या बायकांना हे सांगताना रागावून न सांगता समजावून सांगावे, कारण ही अनेक वर्षांची सवय असते.

३) प्रत्येक जेवणानंतर चूळ भरावी. वर्षातून एकदा दंतवैद्याकडून तपासणी करून घ्यावी.

४) अंथरुणावरील रुग्णाचे तोंड घरच्या माणसाने दोन वेळा स्वच्छ करावे. हात साबणाने धुवून रुग्णाला कुशीवर करावे आणि मऊ ब्रशने किंवा बोटाला गुंडाळलेल्या स्वच्छ ओल्या कापडाने दात, हिरड्या व जीभ पुसावी. एक पेला कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून त्यात कापड भिजवून पिळून घ्यावे. कोरड्या ओठांना तूप किंवा व्हॅसलीन लावावे.

५) कवळी रात्री काढून, घासून, स्वच्छ पाण्यात ठेवावी.

६) रोज एकदा बॅटरीच्या उजेडात तोंड, नाक व कानामागची जागा पाहावी. यास दोन मिनिटे पुरतात.

७) ही माशी दिवसा वावरते. म्हणून रुग्णाला मच्छरदाणी रात्रीप्रमाणे दिवसाही लावावी. खाट गोठ्यापासून दूर ठेवावी. पंखा असल्यास चालू ठेवावा, वाऱ्यामुळे माशी बसत नाही.

८) सुगीच्या दिवसांत सगळी माणसे रानात जातात. त्या काळात रुग्णाजवळ कोणीतरी थांबावे, किंवा दुपारी एक फेरी मारून जावे.

प्रतिबंध : गोठ्यात

माशीचा उगम जनावराच्या जखमेत असल्यामुळे घरातील उपाय गोठ्यातील उपायांशिवाय अपुरे पडतात.

१) रोज धारेच्या वेळी जनावराच्या अंगावरून हात फिरवून जखमा पाहाव्यात. शिंगाचे बूड, खांदा, वेसणीचे छिद्र, खुरांमधील फट, शेपटीखालची जागा व नाळ यांकडे विशेष लक्ष द्यावे.

२) नवजात वासराच्या नाळेला टिंक्चर आयोडीन लावावे. खच्चीकरण किंवा शिंगे काढण्याची कामे पावसाळ्यात न करता माश्या कमी असलेल्या थंडीच्या दिवसांत करावीत.

३) खुरकतीची लस वेळेवर टोचून घ्यावी. रोग आल्यास तोंडातील चट्टे पोटॅशियम परमँगनेटच्या सौम्य द्रावणाने धुवावेत व खुरांतील जखमा कोरड्या ठेवाव्यात. गोचिडांचा बंदोबस्त करावा.

४) जखमेत अळ्या पडल्यास पशुवैद्यकाच्या सल्ल्याने टर्पेंटाइनचा बोळा भरून अळ्या काढाव्यात, जखम धुवावी व माशी न बसणारे मलम लावावे. आयव्हरमेक्टिनचा अंश दुधात उतरतो, म्हणून दुभत्या जनावराला ते स्वतःच्या मनाने देऊ नये.

५) काढलेल्या अळ्या उकिरड्यावर किंवा गोठ्याबाहेर फेकू नयेत. मोठ्या अळ्या मातीत शिरून कोष करतात व आठवड्याने त्यांच्याच माश्या परत येतात. अळ्या डब्यात गोळा करून उकळत्या पाण्यात टाकाव्यात.

६) मोकाट कुत्र्याच्या अंगावर अशी जखम दिसल्यास पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे.

७) शेण-मूत्र रोज काढावे व मेलेले जनावर खोल पुरावे. यामुळे घरमाश्या व मांसमाश्या कमी होतात.

इतर देशांचा अनुभव

या माशीची एक चुलत बहीण अमेरिका खंडात आहे. तिचे नाव कॉक्लिओमिया होमिनिव्होरॅक्स. या जातीची मादी आयुष्यात साधारणतः एकदाच नराशी संयोग करते. हे हेरून एडवर्ड निपलिंग व रेमंड बुशलँड या शास्त्रज्ञांनी किरणोत्साराने नपुंसक केलेले नर मोठ्या संख्येने सोडण्याची पद्धत काढली. अशा नराशी संयोग झालेल्या मादीची अंडी उबत नाहीत. १९५४ साली कुरासाव बेटावर या पद्धतीला यश आले व पुढे अमेरिकेची संयुक्त संस्थाने आणि मेक्सिको ही माशीमुक्त झाली. १९८८ साली ही माशी लिबियात पोहोचली, तेव्हा मेक्सिकोतील केंद्रातून विमानाने नपुंसक माश्या नेऊन तिचे निर्मूलन करण्यात आले. दोघा शास्त्रज्ञांना १९९२ सालचे जागतिक अन्न पारितोषिक मिळाले. मात्र २०२३ पासून मध्य अमेरिकेत तिने पुन्हा डोके वर काढले आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये ती मेक्सिकोत आढळली. यावरून देखरेख ढिली पडली की माशी परत येते, हा धडा घ्यावा. आपल्याकडे विमाने व कारखाने नसले तरी प्रत्येक गोठ्यातील प्रत्येक जखम वेळीच बांधणे हा उपाय आपल्या हातात आहे.

थोडक्यात लक्षात ठेवावे

• तोंडात अळ्या पडणे हा माशीमुळे होणारा, बरा होणारा विकार आहे.

• अळी दिसताच त्याच दिवशी डॉक्टरकडे जावे. घरी कीटकनाशक, फिनाईल व रॉकेल वापरू नये.

• अंथरुणावरील माणसाचे तोंड दोन वेळा पुसावे, रोज एकदा तपासावे, दिवसाही मच्छरदाणी लावावी.

• जनावराची जखम उघडी ठेवू नये व काढलेल्या अळ्या मातीत फेकू नयेत.

गोठ्यातील जनावरावर सकाळ-संध्याकाळ नजर फिरवण्याची शेतकऱ्याला सवय असते. ओसरीवर निजलेल्या आई-वडिलांच्या वाट्यालाही तीच नजर यावी. सकाळी चहा देताना त्यांचे तोंड स्वच्छ करून द्यावे व दुपारी मच्छरदाणी नीट खोचली आहे ना ते पाहावे. यास खर्च काहीच येत नाही.